दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गडावर, म्युझियममध्ये न्या आणि तिथे जरा थांबू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहामाही परीक्षा संपत आल्यात, आता शाळांना दिवाळीची सुट्टी लागेल आणि घरोघरी तोच विषय सुरू होईल की मुलांना घेऊन जायचं कुठे. बहुतेकांची गाडी रिसॉर्ट, वॉटरपार्क नाहीतर मॉलकडे वळते. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं, पण सुट्टीतला एक दिवस, जमलं तर दोन, आपल्या जवळच्या किल्ल्याला, लेण्यांना किंवा म्युझियमला द्यावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. थोडं पालकांसाठी आहे, थोडं ही ठिकाणं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी, आणि शेवटी एक मागणी तुमच्या पेपरकडेही आहे.

दिवस याच्यासाठी अगदी योग्य आहेत. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, पठारांवर सोनकीचा पिवळा रंग टिकून असतो, गडावरची टाकी काठोकाठ भरलेली असतात आणि हवा स्वच्छ असल्यामुळे एका गडावरून दुसरा गड ओळखता येतो. पावसाळ्यात धबधब्यांसाठी होणारी झुंबड ओसरलेली असते आणि एप्रिल-मेचं डोक्यावरचं ऊनही नसतं. ऑक्टोबरची दुपार तापते हे खरं, पण सकाळी लवकर निघालं तर उन्हं चढायच्या आत निम्मं काम झालेलं असतं.

त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. अभिमानाची गोष्ट आहेच. पण आता या गडांवर गर्दी वाढणार हेही उघड आहे, आणि गर्दीतून मुलाचा हात धरून ओढत न्यायचं, दरवाज्यात एक फोटो, तोफेजवळ एक फोटो, झेंड्याजवळ एक फोटो आणि खाली येऊन जेवण, असं झालं तर त्या मुलाने नेमकं बघितलं काय? घरी आल्यावर विचारून बघा, "छान होतं" याच्या पलीकडे फारसं काही निघत नाही. पोरांचा दोष नाही त्यात, आपण त्यांना कुठे थांबूच देत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूल कुठल्यातरी एका वस्तूपाशी थांबलं आणि तिथे त्याला कुणीतरी नीट सांगितलं की मगच त्याला इतिहासाची गोडी लागते. पन्नास गोष्टी दाखवून होत नाही ते.

शनिवारवाड्याचंच बघा. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, १८२८ मध्ये मोठी आग लागली आणि आतले महाल गेले, त्यामुळे आत गेल्यावर दिसतात ती बरीचशी जोती, कारंजी आणि हिरवळ. मुलं पाच मिनिटांत कंटाळतात आणि मोठी माणसं म्हणतात आत काही नाहीच आहे. पण आत जाण्याच्या आधी दिल्ली दरवाज्यापाशी पंधरा-वीस मिनिटं काढा. त्या प्रचंड दारांवरचे खिळे मुलांना मोजू द्या, एकेका दारावर नऊ बाय आठच्या ओळीत ७२ खिळे आहेत, चांगले फूटभर लांब. मग विचारा की हे खिळे खाली का नाहीत, एवढे वर का आहेत. आमचा धाकटा बराच वेळ दारापाशी मान वर करून उभा होता आणि मग एकदम ओरडला, "हत्तीचं डोकं!" बरोबर होतं त्याचं. दार फोडायला हत्ती आणला तर त्याचं कपाळ जिथे आपटणार तिथेच ते खिळे आहेत. मग त्याने त्या मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा बघितला, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढा, आणि आत गेल्यावर वाट सरळ न जाता लगेच वळते हेही त्याचं त्यानेच शोधलं, म्हणजे शत्रू आत घुसला तरी त्याला धावत जाता येऊ नये. तेव्हापासून कुठल्याही गडावर गेलं की तो पहिल्यांदा दरवाजा बघतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड कसा लपवलाय, अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, हे त्याला पुस्तकातून कळलं नसतं. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो, तो असा दारात उभं राहून वाचायला हवा.

आणि यासाठी प्रत्येक वेळी लांब जायची गरज नसते. मी जुन्नर तालुक्यात राहते. आमच्याकडे शिवनेरी आहे, १९ फेब्रुवारी १६३० ला शिवराय जिथे जन्मले तो गड, आणि पायऱ्यांच्या वाटेने सात दरवाजे ओलांडत वर जायचं, महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. लहान मुलांना हा खेळच होतो, पुढचा दरवाजा कोण आधी शोधतो. चढ कळतही नाही. (दुसरी साखळीची वाट आहे, ती लहान मुलांबरोबर अजिबात नको.) वर जन्मस्थानाची इमारत बघायची, गंगा-जमुना टाक्यांपाशी बसायचं, अंबरखान्यात धान्य कसं साठवत असतील त्यावर बोलायचं, बस झालं की, एका सकाळीला एवढं पुष्कळ आहे.

त्याहून मला स्वतःला जास्त ओढ आहे ती नाणेघाटाची. तिथे गुहेच्या भिंतींवर सातवाहनांच्या काळातला लेख आहे, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात काय काय दान दिलं, किती गाई, किती घोडे, किती नाणी, त्याची ती नोंद आहे आणि तिथे ब्राह्मी अंक कोरलेले आहेत, भारतातल्या अंकांच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांमध्ये हा लेख धरला जातो. गणिताचा कंटाळा करणाऱ्या मुलाला म्हणावं, यातले आकडे कुठले असतील शोध बरं. बाहेर आलं की दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत असं आमच्याकडे सगळे सांगतात. आणि घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली सगळं कोकण दिसतं.

आता हा घाट कशासाठी? कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल वर यायचा आणि इथला माल खाली जायचा, थेट रोमपर्यंत. हे सांगितल्यावर मुलांना खोटं वाटतं. मग त्यांना कोल्हापूरला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये न्या, तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे, ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी सापडलेला! हातभरसुद्धा नाही पण मुलं तिच्यापाशी खिळून उभी राहतात, कारण प्रश्नच असा पडतो की हा इथे आला कसा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं म्युझियम आहे, तेर म्हणजे जुनं तगर, तिथूनही माल पश्चिमेच्या बंदरांकडे जात होता. आपण या गावांवरून कितीतरी वेळा गाडीने पुढे गेलेलो असतो, कधी तीर्थाला, कधी लग्नाला, एक दोन तास थांबत मात्र नाही.

म्युझियम म्हटलं की लोक मुंबईचं नाव घेतात, आणि ती बघण्यासारखी आहेतच. फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांसाठी उघडं आहे आणि तिथे आता मुलांसाठी वेगळं म्युझियमही केलंय, ही फार चांगली गोष्ट झाली. भायखळ्याला राणीच्या बागेत सगळे पेंग्विन बघायला जातात, त्याच आवारात १८७२ सालचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, जुन्या मुंबईतली माणसं, त्यांचे धंदे, पोशाख हे सगळं मातीच्या छोट्या छोट्या मॉडेलमध्ये, मुलांना बाहुल्यांसारखं जवळून बघता येतं. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. तो इंग्लंडला न्यायची खटपट झाली तेव्हा फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला, ही गोष्ट सांगितली की मुलं सांधे कुठे दिसतात ते शोधत त्याच्याभोवती फिरतात. नागपूरकरांकडे १८६३ चा अजब बंगला आहे. साताऱ्याच्या बाजूला औंधला तर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे, एका छोट्या गावात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं बघायला मिळतात, आणि वर यमाईचं दर्शन.

पण घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखी जागा नाही. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा सगळा संग्रह उभा केला, आणि त्यात तलवारी मुकुट कमी, घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी, कोरीव दरवाजे, वाद्यं. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे गड चढवत नाही, त्यामुळे आम्ही बाहेर निघालो की त्या म्हणायच्या तुम्ही जाऊन या. इथे मात्र अडकित्त्यांच्या कपाटापाशी त्या थांबल्या आणि मुलांना सांगायला लागल्या, त्यांच्या आजीकडे पोपटाच्या आकाराचा होता, सुपारी धरायची कशी, बोट कुठे ठेवायचं, पातळ कातरायची तर काय करायचं, कुणाच्या घरी पाहुणा आला की आधी पानाचं तबक कसं पुढे यायचं. मुलं ऐकतच राहिली आणि शेजारच्या दुसऱ्या कुटुंबातली दोन मुलंसुद्धा येऊन उभी राहिली. आम्ही त्या दिवशी मस्तानी महाल बघितला, वाद्यं बघितली, पण मुलांच्या लक्षात राहिला तो अडकित्ता, कारण सांगणारी आजी सोबत होती. म्हणून पालकांना माझी विनंती, आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नका. गडाचीच हौस असेल तर रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, वर गेल्यावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ज्यांनी राजधानी बांधली त्यांनी आपलं नाव पायरीवर घातलं. तिथे आजोबांना मुलांजवळ बसू द्या दहा मिनिटं.

आता अधिकाऱ्यांसाठी. एका म्युझियममध्ये (नाव लिहीत नाही) आम्ही एका अतिशय सुंदर मूर्तीसमोर उभे होतो आणि खाली पाटी होती, "मूर्ती, पाषाण, १२ वे शतक". एवढंच. मूर्ती आहे हे दिसतंय, दगडाची आहे हेही दिसतंय, मग पाटीने सांगितलं काय? कुठे सापडली, कोणाची आहे, हातात काय धरलंय, नाक कशाने तुटलं, कुठल्या देवळातली असेल, यातलं काहीही चार ओळीत लिहिता आलं असतं. मुलगी मला विचारत होती आणि मला सांगता येत नव्हतं, तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले आम्ही फक्त देखरेखीला आहोत. कितीतरी ठिकाणी पाट्या मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आणि अक्षर एवढं बारीक की आठ वर्षाच्या मुलाने वाचायचं कसं? पाट्या खाली आणा, अक्षर मोठं करा, भाषा साधी ठेवा, आणि प्रत्येक दालनात निदान एका वस्तूची पूर्ण गोष्ट लिहा. याला काही कोटी लागत नाहीत.

आणि बसायला बाकडी. मुलं थकतात, आजी थकतात, बसायला जागा नसेल तर माणूस सरळ बाहेरच्या वाटेला लागतो. पिण्याचं पाणी आणि स्वच्छ टॉयलेट याबद्दल तर किती वेळा लिहायचं. बायका आणि मुली गडावर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे ज्यांना नियोजन करायचंय त्यांना माहीत आहे का? पायथ्याला चालू अवस्थेतलं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं टॉयलेट असेल तर निम्मी कुटुंबं आणखी दोन तास थांबतील, हे मी खात्रीने सांगते. पार्किंगचे मजले बांधण्याआधी हे करा.

सुट्टीच्या दिवसांत सांगणारी माणसंही हवीत. आमच्या भागात इतिहासाची, लेण्यांची मनापासून माहिती असलेली कॉलेजची मुलंमुली आहेत, तशी प्रत्येक तालुक्यात असतात. त्यांना थोडं प्रशिक्षण, ओळखपत्र आणि ठरलेलं मानधन देऊन दिवाळीच्या पंधरा दिवसांत सकाळच्या वेळी उभं केलं तर त्यांनाही काम मिळेल आणि ऐकीव, वाढवून सांगितलेल्या गोष्टींऐवजी मुलांना खरं काहीतरी कळेल. कार्ल्याच्या चैत्यात उभं राहून वर बघा, छताला लाकडाच्या कमानी आहेत, त्या खऱ्या लाकडाच्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षं जुन्या आहेत, हे तिथे येणाऱ्या किती जणांना माहीत असतं? एकवीरेच्या दर्शनाला रोज एवढी माणसं येतात, लेणं अगदी शेजारी आहे, आत डोकावून निघून जातात. वैजयंती नगरीतल्या भूतपाल नावाच्या शेठने हे करवून घेतलं असं तिथेच कोरलेलं आहे, बाकीच्या लोकांनी एकेक खांब दान दिला त्यांचीही नावं आहेत, म्हणजे एवढं मोठं काम लोकवर्गणीतून झालंय. हे सांगायला एक माणूस तिथे उभा असला पाहिजे.

पालकांना अजून थोडं, कारण सुट्टी बिघडते ती बहुधा बारीक गोष्टींमुळे. आधी बंदचा वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरला सोमवार-मंगळवार मुक्काम असेल तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असं ठेवा, उलट केलं तर दोन्ही हुकतील. घारापुरीही सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गडावर जाणार असाल तर पायऱ्यांवर शेवाळ अजून असतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो, ढग भरून आले की माथ्यावर, बुरुजावर थांबू नका, खाली उतरा. कड्यांवर आग्यामोहोळ असतात, अंगाला उग्र अत्तर लावून, आरडाओरडा करत, धूर करत जाऊ नका, फटाके तर गडावर नेऊच नका. मुलांना दगडांच्या फटीत हात घालू देऊ नका. टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे का ते स्थानिकांना विचारा. आणि भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना हटका, मुलांसमोर हटका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांना ऐकवा.

म्युझियममध्ये मुलांच्या हातात मोबाईलऐवजी वही-पेन्सिल द्या आणि सांगा, तुला आवडेल ती एकच वस्तू काढ. चित्र कसंही येऊ दे. काढायला बसलं की मूल आपोआप बघतं, हँडल कुठे आहे, नक्षी कशी वळलीय, पाय तीन आहेत की चार. तासाभरात कंटाळा आला तर बाहेर या, सगळी दालनं झालीच पाहिजेत असं काही नाही, पुन्हा येता येतं. घरी मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, आधी खरा गड बघून आली असतील तर त्या किल्ल्याचा दरवाजा कुठे येईल, पाण्याचं टाकं कुठे येईल यावर स्वतःच भांडतात, हे मी आमच्या बिल्डिंगखाली बघितलंय आणि मला ते फार आवडलं.

आता तुमच्या पेपरकडे मागणी. सुट्टीच्या काळात जिल्हावार पानावर रोज एक छोटी चौकट द्या, एकच ठिकाण, शक्यतो नाव न झालेलं. त्यात वेळ, बंदचा वार, एसटी कुठून मिळते, पायऱ्या किती, म्हातारी माणसं जाऊ शकतील का, टॉयलेट आहे का, आणि तिथे थांबून बघावी अशी एक वस्तू, बस एवढंच. १९ ते २५ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह असतो, तोपर्यंत ही मालिका चालवलीत तर शाळांनाही सहलीसाठी उपयोगी पडेल. वाचकांनी आपापल्या तालुक्यातली ठिकाणं कळवावीत. जुन्नरची माझी यादी, बंदच्या वारांसकट, या पत्रासोबतच पाठवत आहे.

आपली नियमित वाचक,
जुन्नर, जि. पुणे